चित्रकार उभा कुठे होता?

मागच्या ऑक्टोबरात सासूबाई पार्सिपनीला आमच्याकडे आल्या होत्या. नागपूरला त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. इथे घरात बसून कंटाळल्या, म्हणून एका शनिवारी त्यांना आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन मी ड्राइव्ह करत पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरातल्या एका छोट्या गावी गेले.

तिथल्या लहानशा म्युझियममध्ये एकोणिसाव्या शतकातलं त्याच गावाचं एक चित्र होतं. दोन डोंगरांच्या बेचक्यात घरं, खाली नदी, तिच्या काठाने कालवा, कोळशाच्या होड्या ओढणारी खेचरं, आणि वर डोंगराच्या कडेने धूर सोडत येणारी आगगाडी. मी फोटो काढून पुढे निघाले. सासूबाई जागच्या हलेनात.

"एका जागी उभं राहून हे काढलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "चर्चचं छप्पर वरून दिसतंय. आणि होड्या बघ, पार पाण्यालगत बसून काढल्यात."

मुलीने ते म्युझियम सांभाळत टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना इंग्रजीत सांगितलं. ते हसले. चित्रकार गावाजवळच्या टेकडीवर बसला होता, असंच इथे सगळे मानतात, म्हणाले. म्युझियमच्या मागूनच तिकडे पायवाट जाते, जाऊन बघा.

घरचा जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या सासूबाई ती टेकडी माझ्या पुढे चढल्या. वर मुलीने फोनमधलं चित्र समोर धरलं.

"आजी, थोडं लेफ्टला. अजून. स्टॉप, स्टॉप."

चर्चचं टोक मागच्या डोंगराच्या खाचेत नेमकं बसलं. रुळांचं वळणही जुळलं. पण कालवा? तो झाडांच्या आणि कड्याच्या आड पार गडप झाला होता.

"आता खाली चल," सासूबाई म्हणाल्या.

कालव्यात आता पाणी नाही, नुसता गवताने भरलेला लांबलचक खड्डा आहे. खेचरांच्या वाटेवर लोक सायकली चालवतात. आम्ही जवळजवळ पळतच होतो. एका जुन्या दगडी भिंतीपाशी मुलगी खाली बसली आणि ओरडली, "आई, इट्स हिअर!" चित्रातला तोच नदीचा बाक, तोच पलीकडचा उतार. होड्या तेवढ्या नव्हत्या.

सासूबाई तिच्या शेजारी गवतात बसल्या आणि म्युझियमच्या माहितीपत्रकामागे भराभर रेघा ओढू लागल्या. आधी वरून दिसलेलं आठवून, मग समोरचं बघून.

म्युझियम बंद व्हायला दहा मिनिटं होती तेव्हा आम्ही धापा टाकत आत शिरलो. गृहस्थांनी ते रेखाटन चित्राखाली धरलं, बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग कोट चढवला, दाराला कुलूप लावलं आणि सासूबाईंना हाताने 'चला, दाखवा' अशी खूण केली. त्या गृहस्थांना त्यांचंच गाव दाखवायला निघालेल्या सासूबाईंचा वेग मला काही गाठता आला नाही.