सतरा नंबरचा पलंग

"माझ्या पलंगाला हात लावायचा नाही, हे ठरलेलं होतं ना, मावशी?"

"का? पलंग काय माहेरून आणलायस?"

"व्हॉलंटिअरनं आपली चादर आपणच बदलायची. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत मला."

"सांगितलं. पाच आठवड्यांत किती वेळा बदललीस, ते तू सांग आता."

"माझी चादर, माझी मर्जी!"

"चादर होस्टेलची, बाई. मर्जी तेवढी तुझी."

होस्टेलच्या धुण्याच्या खोलीत हे चाललं होतं. खोली एवढीशी, त्यात दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि भांडणाऱ्या दोघी. मधे धुण्याची टोपली. टोपलीत सगळ्यात वर सतरा नंबरची चादर आणि उशीचा अभ्रा. मी दारात उभी होते. कमरेवर हात ठेवून उभी होती ती माझी आई. दुसरी म्हणजे भटकभवानी. हे नाव अर्थातच आईनं ठेवलेलं.

आई अठरा वर्षं या होस्टेलमध्ये पलंग घालते. चार खोल्या, दुमजली पलंग, एकूण बत्तीस जणांची सोय. देशोदेशीचे लोक पाठीवर संसार बांधून येतात, दोन-चार दिवस राहतात, पुढे जातात. पण आईनं त्यांचे चेहरे फारसे पाहिलेलेच नाहीत. सकाळी दहाला ते शहर बघायला बाहेर पडले की आई आत शिरते. ते परत येतात तेव्हा ती घरी भाजी चिरत असते. तिची ओळख पलंगांशी. माणसांना तिच्या लेखी नावं नाहीत, नंबर आहेत.

आणि पलंग बघून ती माणूस सांगते.

"आठ नंबर खालचा घरी लाडावलेला असणार. पांघरूण पायानं ढकलून देतो आणि तिथंच टाकून जातो, कुणीतरी उचलेल म्हणून."

"तेवीस वरची पहिल्यांदाच एकटी निघालीये. अंगाखाली पासपोर्ट घेऊन झोपते, चादरीवर चौकोन उठलाय."

रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे तोंडी लावणं हेच. बाबा ऐकता ऐकता पेंगायचे, मी मात्र घास हातात धरून बसायचे. आठ नंबर खालचा कसा चालत असेल, तेवीस वरची कशी बोलत असेल, हे आई करून दाखवायची. पुढे मी नाटकात गेले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, ही आवड आली कुठून? कुठून येणार!

मग पाच आठवड्यांपूर्वी ही आली. सात महिने एकटी फिरत होती. रोज चार तास काम, बदल्यात पलंग आणि नाश्ता, अशा बोलीवर राहिली. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी. मी आईचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तर ही जिन्यात बसून तिघा पाहुण्यांना हसवत होती. मीही बसले. आईचा चष्मा तासभर माझ्याच हातात राहिला.

त्या रात्री आईनं सुरुवात केली, "चौदा नंबर खालची नवऱ्याशी भांडून आलीये बघ. चार दिवस भिंतीकडे तोंड करून—"

"अगं, तिचं लग्नच झालेलं नाही!" मला हसू आवरेना. "ती मधमाश्यांचा अभ्यास करते. भटक— आपली ती, व्हॉलंटिअर, रोज गप्पा मारते तिच्याशी."

"मग भिंतीकडे तोंड का करते?"

"जिन्यातला दिवा डोळ्यांवर येतो म्हणून."

बाबाही हसले. बाबा! जे एरवी जागे नसतात ते! आईनं आमटी वाढली, मी पुरे म्हटल्यावरही वाढतच राहिली.

हसायला नको होतं, हे कळायला मला महिना लागला. अठरा वर्षं आईचं एकच प्रेक्षागृह होतं, आणि त्यातला पुढच्या रांगेतला माणूस उठून दुसऱ्या खेळाला जाऊन बसला होता.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी होस्टेलवर जायला लागले. आईला घरी न्यायला, असं म्हणायचं. आई पिशवी घेऊन फाटकाशी थांबायची आणि मी आत जिन्यात.

"झालं का कीर्तन?" ती विचारायची.

"आलेच, पाच मिनिटं."

"हो, ये सावकाश. आई काय, उभी राहील. खांबच तो."

मी भटकभवानीसारखा मानेला रुमाल बांधला, तर आई म्हणाली, "घसा दुखतोय का?" मी तिच्यासारखी कॉफी बिनसाखरेची प्यायला लागले, तर आई म्हणाली, "गोड काही राहिलंच नाही आता घरात." त्यात व्यवस्थापकांनी आगीत तेल ओतलं. आईचा कोपरा म्हणजे चादरीची ती घट्ट तिरकी घडी, पाकिटाच्या तोंडासारखी. भटकभवानी दोन दिवसांत ती शिकली. व्यवस्थापक म्हणाले, "मावशी, गुरूच्या पुढे गेली हो चेली!" आई हसली. ते वळताच तिनं त्या पलंगाचे चारही कोपरे उपसले आणि पुन्हा घातले. मी पाहिलं ते. कोपऱ्यांत तसूभरही फरक नव्हता.

एकच पलंग आईला कधी बघता आला नव्हता. सतरा वरचा. व्हॉलंटिअरच्या पलंगाला हात लावायचा नाही हा होस्टेलचा नियम, आणि आईनं अठरा वर्षांत नियम मोडलेला नाही.

मग परवा रात्री मी सांगितलं. सीमेपलीकडच्या एका होस्टेलला दोन व्हॉलंटिअर हवेत. पुढच्या महिन्यापासून. ती म्हणाली, तूही चल.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"तिथं दोन महिने. मग पुढे. बघू."

घासून ठेवलेलं पातेलं आईनं पुन्हा घासायला घेतलं.

आणि आज सकाळी सतरा वरची चादर उतरली.

"बघायचं काय होतं तुम्हाला त्यात?" भटकभवानीचा आवाज चढला. "तुमची मुलगी मला ताई म्हणते, ते बघवत नाही तुम्हाला. सरळ म्हणा ना!"

"नाही बघवत!" आई म्हणाली. "पोटात दुखतं माझ्या. झालं समाधान?"

इतकं सरळ उत्तर कुणालाच अपेक्षित नव्हतं. आईला तर नाहीच. ती टोपलीकडे बघत राहिली. तिच्या नजरेमागोमाग माझी नजर गेली.

मी तिचीच मुलगी. मला वाचता येतं.

घामाचा डाग पसरतो, रडण्याचा डाग कडा धरतो; हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. अभ्र्याच्या एका बाजूला फिकट वर्तुळं होती. एकात एक, एकावर एक, सगळ्यांना कडा. पाच आठवड्यांची. आणि चादरीच्या पायथ्याशी लांबट मळका ठसा, पाठीवरच्या सॅकच्या तळाचा. म्हणजे भरलेली सॅक रोज पलंगातच, पायाशी. केव्हाही उठून घरी जाता यावं अशी. दिवसभर जिन्यात बसून सगळ्यांना हसवणारी, मला 'चल, जग बघ' म्हणणारी.

भटकभवानीनंही आमच्याकडे पाहिलं, मग अभ्र्याकडे. आईची ही विद्या तिला माहीत होती, मीच तर कौतुकानं सांगितली होती. तिचा चेहरा असा उतरला की ती पंचवीसची न दिसता पंधराची दिसायला लागली.

"मावशी," ती हळूच म्हणाली.

आईच्या हातात हुकमाचं पान होतं. मी वाचलं होतंच, तरी तिनं मोठ्यानं म्हटलेलं एकच वाक्य पुरलं असतं: तुझी ती ताई रोज रात्री रडते, बरं का. मी घरी राहिले असते, जेवताना घास हातात धरून पुन्हा समोर बसले असते. आईलाही ते कळत होतं. अभ्रा तिनं उचलला होता आणि तिचे ओठ हललेही होते.

मग तिनं अभ्र्यात हात घातला आणि तो आतलं बाहेर केला. वर्तुळं आत गेली. तिनं तो मशिनमध्ये टाकला, चादर टाकली, दार लावलं. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून एक चादर काढली. जाड सुती, कोरी. ती कुणाला द्यायची नाही, असं मला लहानपणापासून बजावलेलं होतं. एकदा मी त्या चादरीचा तंबू केला तर पाठीत धपाटा बसला होता. ती आईनं भटकभवानीच्या हातात ठेवली.

"ही घे. मऊ आहे. आणि दर आठवड्याला बदलत जा, वेडे."

'वेडे' हे मला म्हणते ती. फक्त मला.

भटकभवानी चादर छातीशी धरून उभी राहिली. मी बोलून गेले, "आई, तू सगळं बघितलंस. मग सांग ना आता. मी हिच्याबरोबर जाऊ की नको?"

मशिन पाणी भरायला लागलं होतं. आईनं रिकामी टोपली कमरेवर घेतली, मला जरा बाजूला सारलं आणि दारातून निघून गेली.