कोड्यात न मावलेलं नाव

शब्दकोडं करायची अवदसा मला आठवली, कारण पुढच्या वर्षी माझा वर्ग बंद पडायच्या बेतात होता. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला इंग्रजी साहित्य हा विषय चालू ठेवायचा तर ठरलेली पटसंख्या लागते. दुसऱ्या वर्षातल्या पोरापोरींना मी एकेकाला गाठून विचारलं, तेव्हा एक जण कमी भरत होता. एकच! वर्ग गेला की माझे तास गेले, कारण मी तासिका तत्त्वावरची बाई. तास असतील तर मॅडम, नसतील तर घरी. पण खरं सांगू का, तासांपेक्षा त्या वर्गाचा मला लोभ होता. बाकी सगळीकडं अर्ज कसा लिहायचा आणि गाळलेल्या जागा कशा भरायच्या हेच शिकवायचं. आख्ख्या आठवड्यात तेवढ्या एका वर्गात मला माझ्या आवडीचं काहीतरी बोलता यायचं.

म्हटलं, पोरांना गोडी लावू. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाच्या काळात ज्या बायकांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्यावर कोडं करू आणि ते सोडवायची स्पर्धा ठेवू. त्या बायकांची आयुष्यं अशी, की आमच्या भागात बसून ऐकली तरी शेजारणीची वाटावीत. माळावरच्या आडगावात राहणाऱ्या पाद्र्याच्या तीन लेकी, तिघीही लिहिणाऱ्या आणि तिघींनीही पुरुषी नावं घेतलेली. एक, घरात पोरांचा गलका चालू असताना जेवणाच्या टेबलावर बसून लिहिणारी. एक, नवरा गेल्यावर लेखणीवर सगळं खटलं ओढणारी. आणि एक, जिनं पुस्तकांवर पुरुषाचं नाव लावलं ते लावलंच, आजही दुकानात तिचं पुस्तक त्याच नावानं मागावं लागतं. नावं मी इथं सांगणार नाही. कोडं करणाऱ्या बाईनं उत्तरं फोडायची नसतात.

कोडं सोडवायला डोकं लागतं म्हणतात. करायला काय लागतं ते मला विचारा! मी मुरुमला राहते, तिथून कॉलेजला रोज जीपनं जाते. त्या जीपमध्ये मांडीवर चौकटीचा कागद, एका बाजूला कुणाचं तरी खताचं पोतं, दुसऱ्या बाजूला खिडकीसाठी भांडणाऱ्या दोन मावश्या. एक नाव आडवं बसलं की उभं बोंबललंच. एका बाईचं आडनाव इतकं लांब की ते चौकटीच्या बाहेर पाय काढायचं, मग तिला उचलून दुसरीकडं टाकायचं, की तिथली तिसरी हलली. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. मावशी म्हणाली, "काय वं मॅडम, जमिनीचा नकाशा काढताव का?" म्हटलं, तेच समजा.

झालं एकदाचं. विभागप्रमुख सरांकडं नेलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, ह्या बायका परीक्षेला येत्यात का?"

"दोघी येतात, सर."

"मग बाकीच्या कशाला भरल्या? त्यापेक्षा निम्मं जनरल नॉलेज टाका. पोरांना सोपं जाईल. परंड्याचा किल्ला टाका."

परंड्याच्या किल्ल्यानं कुठं कादंबरी लिहिली, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. दर वर्षी मुलाखतीला समोर सरच बसलेले असतात. "बघते, सर," म्हणाले आणि एक अक्षरही बदललं नाही.

स्पर्धेच्या दिवशी वर्ग भरला, कारण पहिल्या बक्षिसाला भिंतीवरचं घड्याळ होतं. मोबाईल टेबलावर ठेवा म्हटलं तर पोरांनी एकेक डबडं आणून ठेवलं आणि खरा मोबाईल खिशात राहू दिला. मला काय दिसत नव्हतं? सगळ्यांचे हात बाकाखाली, माना खाली, वर्गात कसली शांतता! आयुष्यात एवढ्या तन्मयतेनं माझ्या तासाला कुणी बसलं नव्हतं. ओरडून ओरडून घसा बसला. एक जण म्हणतो, "मॅडम, टाइम बघतोय." टाइम बघायला घड्याळ जिंकायचं होतं ना रे बाबा!

मोबाईल नसलेली एकच पोरगी होती, पहिल्या बाकावरची. लोहाऱ्याकडच्या वस्तीवरून एसटीनं यायची. घरी मेंढरं होती, आणि घरातला एकुलता एक मोबाईल मेंढरांमागं जाणाऱ्या बापाकडं असायचा. तिनं हात वर केला.

"मॅडम, हे पुरुषाचं नाव लावणारीचं कोडं. इथं तिचं नाव लिहायचं का तिनं घेतलेलं?"

"घेतलेलं. घरं मोजून बघ."

"मोजली. तिचं सोताचं नाव एका अक्षरानं बाहेर जातंय."

"मग झालं तर. घेतलेलं लिही."

"पण मॅडम, विचारलंय 'ही लेखिका कोण' असं. कोण म्हटल्यावर तिचं नाव नको का सांगाया?"

"अगं बाई, वेळ संपत आलीय, लिही काहीतरी!"

तिनं लिहिलं. चौकटीच्या कडेला पेनानं स्वतःचं एक जादा घर काढलं, पट्टीनं, चारी बाजू नीट, आणि त्या बाईचं जन्माचं नाव पूर्ण बसवलं. बाकी सगळं बरोबर. वर्गात मी एकदाच सांगितलेल्या गोष्टी तिनं ध्यानात ठेवल्या होत्या.

सरांनी तपासताना तिथं फुली मारली. मी म्हटलं, सर, हे चूक कसं, उलट हेच खरं उत्तर. सर म्हणाले, "मॅडम, उत्तरांची यादी तुम्हीच दिलीय." दिली होती. घड्याळ गेलं बाकाखाली हात असलेल्या एका पठ्ठ्याला, ज्याला ती बाई आहे की बुवा हेही अजून माहीत नव्हतं. बक्षीस घेताना तो माझ्या पाया पडला. माझा असा संताप झाला होता म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी ती पोरगी स्टाफरूमच्या दारात. "मॅडम, माझं चुकलं न्हाय."

"नाही चुकलं. पण बसत नव्हतं ना."

"मग चौकट चुकली."

इतके दिवस जीपमध्ये पाठ मोडून काढलेली चौकट! मी तिला झापायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण तिच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हटलं, एवढं कळतंय तर पुढच्या वर्षी इंग्रजी घे. तर ती लगेच म्हणाली, "घेतेच." पटसंख्या भरली! मी तिला म्हटलं, "तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला हजेरीत पहिलं नाव तुझं घेणार बघ."

त्यानंतर रोज माझ्या मागं भुणभुण. त्या टेबलावर लिहिणारीचा नवरा काय म्हणायचा? स्वयंपाक कोण करायचं? पाद्र्याच्या तिघी लेकींना बघाया कुणी येत नव्हतं का? बाप लिहू द्यायचा की त्याला ठावंच नव्हतं? निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, मग माझी चिडचिड व्हायची. घरी जाऊन जुनी पुस्तकं काढायची, वाचायची, दुसऱ्या दिवशी तिला सांगायचं, की तिचा पुढचा प्रश्न तयार. किती वर्षांनी असं कुणी मला पळवत होतं! चिडत होते आणि मनातून सुखावत होते.

एप्रिलमध्ये परीक्षा चालू असताना ती पाण्याच्या टाकीपाशी थांबली होती. म्हणाली, "मॅडम, सोयरीक जमली."

"कुणाची?"

"माझीच की."

"अगं, मग नाही म्हणायचंस!"

"म्हणले. आय दोन दिस जेवली न्हाय." मग माझ्याकडं बघून मलाच धीर दिल्यासारखी म्हणाली, "परंड्याकडचं हाय स्थळ. पोरगा पुण्याला कंपनीत. पुढं शिकवणार म्हणत्यात."

शिकवणार म्हणत्यात! हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकलेत की आता ते ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शिकवणार म्हणत्यात आणि पोरगी जाते ती जातेच. मी तिच्या वडलांना फोन लावला. मागं मेंढरांचा आवाज. माणूस इतका गरीब स्वभावाचा की भांडताही येईना. "मॅडम, तुमच्या शब्दाबाहेर न्हाय मी. पण लोकं लई चांगली हायती. शिकवू म्हणल्यात. पुन्यांदा असं स्थळ यायचं न्हाय." मी म्हटलं, निदान जूनमध्ये प्रवेश तरी घेऊ द्या. "व्हय व्हय, घेणार की," म्हणाले. हा असला होकार भिंतीवर डोकं आपटल्यासारखा लागतो.

लग्न लोहाऱ्याच्या कार्यालयात, मे महिन्यात, भर दुपारी. पंख्यांची हवासुद्धा गरम. मी गेले ती अक्षता टाकायला कमी आणि सासूला गाठायला जास्त. बाई हसतमुख होती, माझा हात हातात घेऊन बोलली. "बघू की मॅडम, एवढी काय घाई? आधी रुळू द्या तिला." मी म्हटलं, प्रवेशाला तारीख असते. "असू द्या की," म्हणाली आणि मला जेवायला पुढं घातलं.

नाव बदलायचा विधी खरं तर नवऱ्याच्या घरी गेल्यावर करतात, पण परंड्याला पोचायला उशीर होणार होता आणि व्हिडिओवाला इथंच होता, म्हणून तो कार्यालयातच उरकायचं ठरलं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहिलं. नाव नणंदेनं शोधलं होतं म्हणे, मोबाईलवर. सगळे वाकून बघत होते, टाळ्या वाजवत होते, व्हिडिओवाला "वैनी, हसा जरा" म्हणत होता. मी तिथंच उभी होते, पण मी ताटाकडं बघितलं नाही. मुद्दाम मान फिरवली. म्हटलं, मला गरजच काय! माझ्या लेखी हिचं नाव आहे तेच आहे. माझ्या स्वतःच्या लग्नातही असंच ताट आलं होतं, आणि आजही माझ्या पदव्यांवर एक बाई आहे आणि आधार कार्डावर दुसरी. दोन्ही मीच आहे हे मी दर वर्षी प्रतिज्ञापत्रावर लिहून देते.

आहेर द्यायला स्टेजवर गेले, तर तिनं माझा हात घट्ट धरला. मुंडावळ्यांच्या आडून हसली. "मॅडम, हितं बी चौकट चुकली." मला हसू येईना. मग हळू म्हणाली, "हजेरीत मातर माझंच नाव घ्या."

"घेणार. पहिलं घेणार," मी म्हटलं.

जून आला. प्रवेशाच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिचा पत्ता नव्हता. बाकीच्यांनी प्रवेश घेतले होते. एकच जागा रिकामी होती, तिची. सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघतो, मग मॅडम माझा नाइलाज आहे. तिच्या वडलांनी सासरचा नंबर दिला होता. कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसून मी फोन लावला. सासूनं उचलला, आवाज मी ओळखला. मी तिचं नाव घेतलं, म्हटलं, तिला द्या जरा फोन.

"कोण पायजे?"

मी पुन्हा नाव सांगितलं, मोठ्यानं.

"न्हाय वं बाई, अशी कोण न्हाय हितं," म्हणाली आणि फोन ठेवला.

ती बाई खोटं बोलत नव्हती. आवाजात काहीच काळंबेरं नव्हतं. तिला खरंच उमगलं नाही. आणि तिला उमगेल ते नाव मला माहीत नव्हतं. आख्ख्या मांडवानं वाकून वाचलेलं नाव मी एकटीनं रागानं वाचलं नव्हतं. मी पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. ऑफिसच्या खिडकीत क्लार्क कागद आवरायला लागला होता, मी त्याला हातानं "थांबा, थांबा" करत होते. लागला एकदाचा. म्हटलं, ताई, तुमची नवी सून हो, लोहाऱ्याकडची, मी तिची कॉलेजची मॅडम.

"आगं बया, तिला व्हय!" सासू खळखळून हसली. "मग असं सांगा की! लगीन झाल्यापासून त्या नावानं कोणच हाक मारंना, माझ्या ध्यानातच न्हाय आलं. आवो, ती पुण्याला गेली की त्याच्यासंगं. रुमवर. पोळ्या लाटाया कोणतरी नको का?"

"ताई, आज शेवटचा दिवस आहे. तिचा मोबाईल?"

"तिला कुठला मोबाईल? त्याच्याकडंच हाय. आता ड्युटीवर असंल. बघू की पुढच्या साली."

क्लार्कनं खिडकी लावली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि माझा वर्ग संपला.

सासू अजून फोनवरच होती. बोलणं असं मध्येच तुटलेलं तिला बरं वाटलं नसावं. मायेनं म्हणाली, "मॅडम, तिचं आत्ताचं नाव सांगते, लिहून घ्या. म्हंजे पुढच्या टायमाला घोटाळा व्हायचा न्हाय."

तिनं नाव सांगितलं. पेन माझ्या हातातच होतं. मी लिहून घेतलं नाही.