पाण्याचा कल

आमच्या शेजारचे काका कुणाच्याही घरात शिरताना आधी पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपत, होडीत पाय टाकावा तसे. बोटीने मुंबईहून मासे पाळायची काचेची पेटी आणणारा मालवणातला एकमेव शहाणा मी. "मेल्या, मासे खावचे की बघूचे?" म्हणत त्यांनी आमच्या उंचसखल जमिनीवरच्या टेबलाखाली पाचर सारली. पेटीतलं पाणी सरळ झालं.

"जमला मां?" मी विचारलं.

"रव जरा."

पाणी पुन्हा खोलीच्या कोपऱ्याकडच्या काचेवर चढलं. त्याच बाजूला दुसरी पाचर घातली, तरी तेच. त्या कोपऱ्यात निजलेली आमची तान्ही लेक त्यांनी न विचारताच उचलून माझ्या बायकोकडे दिली.

"चेडवाक हंय निजवू नको गो."

मी हसलो. बायको हसली नाही. पेटीतलं पाणी लेकीच्या रिकाम्या दुपट्याकडे हळूहळू कलतच होतं.