चाचींच्या रक्तातला आकडा

रक्त देताना बहुतेक लोक तोंड फिरवतात. तिसगावच्या शिलाईवाल्या चाची मात्र सुई शिरताना टक लावून बघायच्या. "माझं रगत हाय, मीच बघनार," म्हणायच्या. नगरच्या ज्या रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे, तिथे त्या मायलोमासाठी, म्हणजे हाडांच्या मगजातल्या रक्ताच्या कॅन्सरसाठी यायच्या. पहिल्याच भेटीत माझ्या एप्रनकडे बघून म्हणाल्या, "खांदा उतरलाय. काढ, देते करून." आणि एका हाताला सलाईन असताना त्यांनी तो खरंच नीट करून दिला.

कुजबुज त्यांना खपायची नाही. एकदा डॉक्टर त्यांच्या मुलाला बाहेर नेऊन हळू आवाजात बोलू लागले, तशा चाची सलाईनचा स्टँड ढकलत व्हरांड्यात आल्या. "आजारी मी हाय. त्याला काय सांगता?" डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

या हट्टामागचं कारण त्यांनीच मला सांगितलं. त्यांची आई शेवटच्या आजारात खर्ड्याला, धाकट्या बहिणीकडे होती. चाची रोज फोन करायच्या आणि बहीण शमा रोज म्हणायची, "ठीक हाय, तू ये निवांत." चाचींकडे लग्नसराईचं शिवण पडलेलं. त्यांनी विश्वास ठेवला. त्या पोचल्या तेव्हा दफन उरकलं होतं. "मला तरास नको म्हनून खोटं बोलली म्हनं! आईचं तोंड दिसलं न्हाई मला." त्याला नऊ वर्षं झाली होती. दोघींचं बोलणं बंद होतं.

चाचींचे उपचार चालू असतानाच आमच्याकडे एक संशोधन सुरू झालं. चाचींनी संमतीचा फॉर्म दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "आता मला समजंल असं सांग." मी सांगितलं, "शरीर राखणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला रक्तात काही प्रथिनं सोडतात. त्यातलं एक फार वाढलेलं असेल, तर हा आजार औषधानं दबूनही लवकर परत उलटतो का, ते आम्ही बघतोय." ही पद्धत अजून पक्की झालेली नव्हती, म्हणून त्या प्रथिनाचा आकडा रुग्णाला कळवायचा नाही असा नियम होता. तो फॉर्ममध्ये होता. चाचींनी सही केली, आणि काही आठवड्यांनी विचारलंच, "मग? माझं कसं आलं?"

नळ्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण लेबलं मीच लावलेली. चाचींचा आकडा यादीत सगळ्यांत मोठा होता.

"डॉक्टर म्हनतो, औषध लागू पडतंय," त्या म्हणाल्या. "पन तू तुज्या तपासनीचं सांग. वाईट असंल तर उद्याच खर्ड्याला जाते, शमाला भेटून घेते. चांगलं असंल तर मी का आधी जाऊ? तिनं यावं."

"सांगता येत नाही" एवढंच मला म्हणायचं होतं. त्या माझ्याकडे, सुईकडे बघायच्या तशाच, टक लावून बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगलं आहे, चाची."

"व्हय? मग बसू दे तिला तिकडंच!" त्या मोकळेपणानं हसल्या.

नियम न सांगण्याचा होता. खोटं बोलायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांत आजार उलटला. त्यातच न्यूमोनिया झाला. मुलानं मावशीला कळवलं, पण शमा आली तेव्हा चाचींच्या घशात नळी होती आणि शुद्ध गेलेली. शमा दोन दिवस त्यांचे पाय धरून बसली. चाचींनी शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत.

महिन्याभरानं कागदपत्रं न्यायला शमाच आली. लॅबच्या दारात उभी राहून म्हणाली, "रगत घेनाऱ्या तुमीच का? आपा घरी सांगायची म्हनं, तिथं खरं बोलनारी एकच पोरगी हाय."

मला ते ऐकवेना. मी तिला बसवलं आणि आकडा, चाचींचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती बराच वेळ मांडीवरच्या फायलीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"तिला सांगवत नव्हतं, तर मला एक फोन करायचा," ती शेवटी म्हणाली. "कायबी न सांगता, 'येऊन जा' एवढंच म्हनायचं. मी त्याच दिशी आले असते."

ती फाईल घेऊन गेली. त्या चार महिन्यांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.