गोरोबाचा देह आणि बलभीमची चंची

नाव : योना, मूळचे गोरोबा. वय : अंदाजे पंचेचाळीस. पेशा : दोर वळणे. मुक्काम : नळदुर्गपासून तीन कोसांवरील वस्ती, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, अमल सरकार-ए-आली निजाम. ओळखीची खूण : दोन्ही तळहातांस आडवे घट्टे. चाल : नेक. भावाशी वैर : नाही. तंबाखू : पूर्ण वर्ज्य, मुचलका दाखल. देहस्वभाव : जिंकला. शेरा : प्रभुभोजनास पात्र.

ही नोंद ख्रिस्ती मंडळीच्या वहीत आहे, फसली १३५५ ची, आणि खाली पाळक शांतलिंग यांची दस्तखत आहे. पाळक होण्याआधी ते एका तहसिलीत कारकून होते. स्वर्गातल्या कामकाजालाही तीच भाषा चालत असावी अशी त्यांची समजूत होती, आणि तिला धक्का देणारं काही अजून कुणी दाखवलेलं नव्हतं. ते जन्मानं लिंगायत, बोलण्यात अर्धी कानडी, स्वभावानं मवाळ. तो मवाळपणा दीड वर्षात कसा संपला, ते वहीत नाही.

वस्तीवर ख्रिस्ती घरं सहा. त्यांत पहिला बाप्तिस्मा गोरोबाचा. तेव्हा प्रत्येकाकडून पाळकसाहेब एक कागद लिहून घेत, की शिंदी पिणार नाही, तंबाखू खाणार नाही, आणि खाल्ल्यास प्रभुभोजनाला बसणार नाही. कागदाखाली अंगठा. मुचलकाच तो, आणि गोरोबा त्याला मुचलकाच म्हणे. शिंदी त्यानं त्याच दिवशी सोडली. तंबाखूही सोडली. म्हणजे विकत घेणं सोडलं.

गोरोबाला प्रभुभोजन किती हवं होतं हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पंचक्रोशीत जेवढ्या विहिरी, त्या सगळ्यांवर गोरोबा आणि त्याचा थोरला भाऊ बलभीम यांनी वळलेले दोर होते. त्यांतल्या एकाही विहिरीवर त्या दोघांना पाणी शेंदायची मुभा नव्हती. दोर द्यायचा, तोही लांबून, जमिनीवर ठेवून. आणि इकडे दर तीन महिन्यांनी पाळक शांतलिंग, ज्यांच्या घरच्या माणसांनी एके काळी गोरोबाची सावली टाळली असती, एक कथलाचा पेला स्वतः ओठाला लावत आणि तोच गोरोबाच्या हातात देत. आत मनुका उकळून केलेला रस आणि सोबत ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. पहिल्यांदा पेला हातात आला तेव्हा गोरोबा एवढा रडला, की पुढच्या माणसाला पेला मिळायला बराच वेळ लागला.

तर अशा माणसाला पाच तिमाह्या तो पेला मिळाला नाही, आणि त्याचं कारण त्याचा थोरला भाऊ.

बलभीम ख्रिस्ती झाला नव्हता. त्याला कुणी विचारलं तर म्हणे, "आमच्या घरचा एक गेलाय की. तेवढा बास." भावाभावांचं तरी बरं होतं. बिघडलं ते एका लग्नात. मांडवाबाहेर चार माणसं बसली होती आणि गोरोबा नेहमीप्रमाणे देह कसा मारावा यावर बोलत होता. बलभीमनं आपली तंबाखूची चंची उघडली, आत पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याचा देह मेलाय खरा. पर मेल्यावर माझ्या चंचीत हात घालतुया."

माणसं हसली. गोरोबा उठला, शपथ घेतली, की म्या घेतली न्हाय, आणि पुन्हा जन्मात या माणसाशी बोलणार न्हाय. शपथ घ्यायला मंडळीची मनाई आहे हे त्याच्या ध्यानात नंतर आलं.

आता यात अडचण अशी, की दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं जागेवर उभं राहून लाकडी फिरकी फिरवायची आणि दुसऱ्यानं कमरेला अंबाडीचा गुंडा बांधून, त्यातले तंतू, म्हणजे वाख, सोडत सोडत उलट्या पावलांनी मागं जायचं. मागं जाणाऱ्याला मागचं दिसत नाही, फिरवणाऱ्याला समोरच्याच्या हातातलं कळत नाही, म्हणून सारखं बोलत राहावं लागतं. थांब. फिरव. सैल पडलं. दगड हाय मागं. दुसरा धंदा दोघांनाही येत नव्हता. तेव्हा त्यांनी एकमेकांशी न बोलता दोर वळायचं ठरवलं. म्हणजे ठरवलंही नाही, कारण ठरवायला बोलावं लागलं असतं. मधे गोरोबाची बायको मथुराबाई उभी राहू लागली.

"त्याला सांगा, सैल पडलंय," बलभीम म्हणे.

"भावजी म्हंत्यात सैल पडलंय."

"सांग त्याला, फिरकी कोण फिरवतंय? म्या का तो?"

"हे म्हंत्यात फिरकी..."

"आयकलं म्या. बहिरा न्हाय."

"मग मला कशाला उभं केलंय दोघांनी उन्हात?" मथुराबाई विचारी. याचं उत्तर दोघांपैकी कुणीच देत नसे, कारण ते एकमेकांमार्फत द्यावं लागलं असतं.

इकडे गोरोबानं देहाविरुद्ध मोहीम उघडली. तंबाखूचा आळ आला होता, तो धुवून काढायचा तर देहाला पुरतं नमवलं पाहिजे असं त्यानं धरलं. आधी मटण सोडलं. मग चहा. मग भाकरीबरोबरचा ठेचा, कारण ठेच्यानं जीभ माजते. मग घोंगडं सोडून उघड्या जमिनीवर निजू लागला. दर नव्या त्यागाची खबर तो वस्तीला देत असे, आणि बलभीमच्या दारावरून जाताना जरा मोठ्यानं देत असे.

"आज ताक सोडलं," एकदा त्यानं घरात सांगितलं.

"ताकानं काय केलंय तुमचं?"

"चवीला लागतंय."

"अवो, मग पाणी कधी सोडताय ते सांगा. तेवढं भरायचं तरी वाचंल माझं." मथुराबाईनं ताकाचं गाडगं शेजारी पाठवून दिलं. "आन् येक इचारू का? समदं सोडताय, तर भावजीचं नाव काढल्यावर दात खाताय ते कधी सोडणार?"

"ते देहाचं न्हाय. ते सत्याचं हाय."

इतका वाळला गोरोबा, की फिरकीला हात लावला तर फिरकी त्याला फिरवते की तो फिरकीला, हे लांबून सांगता येत नसे. राग मात्र चांगला धष्टपुष्ट होता. त्याला ताक, चहा, मटण काहीच लागत नव्हतं.

दर तिमाहीला पाळक शांतलिंग नळदुर्गहून सायकलीवर येत. भोजनाच्या आदल्या दिवशी एकेकाला मंडळीच्या खोलीत बोलावून दोन प्रश्न विचारत. मुचलका पाळला का, आणि भावाशी वैर आहे का. पहिल्याला गोरोबा छाती काढून हो म्हणे. दुसऱ्याला तो वाद घाले.

"साहेब, भाऊ म्हंजे इश्वासातला भाऊ. बलभीम मूर्तिपूजक हाय. त्यो कुठनं आला भाऊ?"

"आईच्या पोटातून आला," पाळक म्हणत. "तुमच्या आधी."

मग दुसऱ्या दिवशी गोरोबा मागच्या पोत्यावर बसे, पोरांच्या आणि नुसतं बघायला आलेल्यांच्या रांगेत, आणि पेला पुढच्या पुढे फिरून परत जाई. त्याच्या डोळ्यांत पाणी येई आणि जबडा आवळलेला असे. एकाच तोंडावर या दोन्ही गोष्टी पाहणं पाळकांना फार जड जाई.

सहाव्या वेळी शिवलिंगप्पांचा दोर परत आला. शिवलिंगप्पा गावातले मोठे शेतकरी. भर दुपारी त्यांच्या मोटेचा दोर तुटून मोट विहिरीत गेली होती. पाळक ओट्यावर बसले होते, त्यांच्यापुढेच गड्यानं दोराचे दोन तुकडे टाकले.

"आप्पांनी निरोप दिलाय," तो म्हणाला. "म्हणाले, दोर मधोमध भांडतोय."

पाळकांनी दोराचं तुटकं टोक हातात घेतलं. तिथं वाख सैल पडून फुलला होता. कुणीतरी सैल पडलंय म्हणालं असणार आणि ते दुसऱ्यापर्यंत पोचायला उशीर झाला असणार. त्यांनी गोरोबाला आत घेतलं.

"गोरोबा, शास्त्रात देहाच्या कामांची यादी आहे. वाचून दाखवलीय मी तुम्हाला. तीनदा. आहे का तिच्यात ताक?"

"न्हाय."

"ठेचा?"

"न्हाय."

"काय आहे?"

गोरोबा दोराच्या तुटक्या टोकाला पीळ देऊ लागला.

"वैर आहे. भांडण आहे. राग आहे. फुटी आहेत. निम्मी यादी तीच आहे! आणि तुम्ही ताक सोडता!"

"राग देहाचा कसा, साहेब? राग काय पोटात ऱ्हातुया? हात लावून दावा कुठं हाय."

"साकु!" पाळक ओरडले. पुरे झालं, हे ते फार चिडले तरच कानडीत म्हणत. "साकु, साकु! अहो, देह म्हणजे नुसतं कातडं आणि पोट नव्हे. उपाशी राहून सैतान साधू होत असता तर केव्हाच झाला असता, त्याला जेवण लागतच नाही. उद्या सकाळी घंटा व्हायच्या आत बलभीमकडे जा. नाहीतर ते पोतं तुमच्या नावावर करून देतो, कायमचं!"

गोरोबा घरी आला. मथुराबाईनं भाकरी वाढली, ती त्यानं खाल्ली. तिनं मुद्दाम ठेचा ठेवला होता, तोही खाल्ला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं ठेवला असता.

रविवारी सकाळी बलभीम दारातच बसला होता. गोरोबा अंगणात येऊन उभा राहिला. बलभीमनं वर पाहिलं, चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना काढला, मळली, झटकली, आणि हात पुढे केला.

या मुलखात भांडण मिटतं ते असं. पंच लागत नाहीत, बोलावं लागत नाही. समोरच्याच्या तळहातावरची चिमूट उचलली की मिटलं. उचलली नाही तर मुलांच्या लग्नातही कुणी कुणाला बोलावत नाही. बलभीमला दुसरी रीत माहीत नव्हती. असती तरी त्यानं हीच वापरली असती.

गोरोबा त्या हाताकडे बघत राहिला. चिमूट घेतली तर मुचलका मोडला, पेला गेला. नाही घेतली तर वैर राहिलं, पेला गेला. दीड वर्ष ज्या देहाला त्यानं उपाशी ठेवलं, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं ते वेगळंच. पलीकडे घंटा सुरू झाली.

"दादा," तो म्हणाला. "घेतली व्हती म्या. तवा."

"ठाव हाय की."

"कसं ठाव?"

"तू चुना लई घेतोस. पांढरी बोटं उठली व्हती चंचीवर. आपल्या घरात येवढा चुना दुसरं कोण खातंय?"

"मग चार माणसांत कशापायी बोललास? मला येकट्याला म्हणायचं."

"येकट्याला? तू गप बसलास तर म्हणीन ना! उठता बसता देह मेला, देह मेला. दोराला पीळ देताना बी तेच. कान किटले माझे. म्हटलं मेलाय, तर मग रोज रोज मयत कशाला काढतुयास?" बलभीमचा हात अजून पुढेच होता. "घे आता. न्हायतर जा. हात अवघडला."

"मुचलका हाय, दादा."

"आसंल. म्या कुठं अंगठा दिलाय?"

गोरोबानं चिमूट उचलली आणि खालच्या ओठात ठेवली. बलभीम उठला, धोतर झटकलं, आणि कुणी न बोलावता त्याच्या मागोमाग निघाला.

खोलीत गाणं संपत आलं होतं. गोरोबा मागच्या पोत्यावर जाऊन बसला. बलभीम दाराबाहेर चौकटीला टेकून उभा राहिला. पाळकांनी वही उघडली आणि तिथूनच विचारलं, "भावाशी वैर?"

गोरोबानं मान हलवली. नाही.

"तोंडानं सांगा."

गोरोबा तोंडानं सांगू शकत नव्हता. पाळकांनी त्याच्या फुगलेल्या ओठाकडे पाहिलं. मग दारातल्या बलभीमकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या चंचीकडे पाहिलं, आणि मग मथुराबाईकडे. तिनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"अरे देवा," पाळक शांतलिंग हळूच म्हणाले. ही प्रार्थना होती की नाही हे मंडळीला ठरवता आलं नाही. मुचलक्याचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. खाली बसले, दौत जवळ ओढली आणि बराच वेळ लिहीत राहिले. वर दिलेली नोंद ती हीच. लिहून झाल्यावर त्यांनी पुढच्या रांगेतली चटई बोटानं दाखवली.

पेला आपल्यापर्यंत यायच्या आत गोरोबा बाहेर जाऊन चूळ भरून आला.