समजा, खुर्ची आहे

‘तशरीफ रखिए,’ मास्तरसाहेब म्हणाले.

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अंगणात बसायला काहीच नव्हतं. खुर्च्या होत्या त्या वर, ओट्यावर. एकीवर मास्तरसाहेब. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल तुर्की टोपी, आणि ऊन असं की नाकावरून घाम टपकायला लागलेला. दुसरीवर झरी गावाहून आलेले त्यांचे पाहुणे, मोठे जमीनदार. तिसरीवर मांजर. गाढ झोपलेलं.

‘साहेब, बसू कुठं?’

‘खुर्ची आहे असं समज. गणितात समजतोस ना? तसंच.’

मी बसलो. म्हणजे गुडघे वाकवले, पाठ ताठ केली आणि हवेवर बसलो. तुम्ही हसताय. हसा. मी हे सांगायला लागलो की माझ्या घरचेही हसतात, मी उठून करूनही दाखवतो. पण त्या दिवशी मांड्या माझ्या होत्या.

निजामाचं राज्य होतं. मी परभणीच्या महारवाड्यातला, मॅट्रिक झालेला. पुढं गणित शिकायचं तर हैदराबादचं विद्यापीठ, आणि तिथं आधी मुलाखत. तीही उर्दूत. त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं, वर्तुळाला दायरा. तिथून शिकून आलेले आमच्याकडं हे एकच मास्तरसाहेब. ते माझी तयारी करून घेत होते आणि हैदराबादेत माझ्यासाठी शब्दही टाकणार होते. चारचौघांत म्हणायचे, ‘मी जात मानत नाही. पण घरात आई आहे.’

मग तयारी कशी? ते ओट्यावर, मी अंगणात. मी पाटीवर गणित सोडवून पाटी ओट्याच्या कडेला ठेवायची. मास्तरसाहेब तांब्यातलं पाणी शिंपडून तिला शुद्ध करायचे, मग उचलायचे. तोवर माझं निम्मं गणित पाण्यासोबत ओघळून गेलेलं. उरलेलं डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, ‘मधली पायरी कुठंय? अर्धवट काम तुझं.’

एकदा मी गंमत केली. कोरी पाटी ठेवली. त्यांनी पाणी शिंपडलं, उचलली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, ‘सुधारणा आहे. शेवट चुकला.’ मी घरापर्यंत हसत गेलो. घरी पोचलो तेव्हा हसू नव्हतं. हा माणूस मला शिकवतच नव्हता.

तरी जात राहिलो. दुसरं दार नव्हतं.

आणि आता मी हवेवर बसलेलो. मुलाखतीची तालीम म्हणून मास्तरसाहेब प्रोफेसर झालेले. ‘दायरे की तारीफ बयान करो.’ वर्तुळाची व्याख्या. मी सांगितली. दुसरा प्रश्न. त्याचंही उत्तर दिलं. पाय थरथरायला लागले.

पाहुणे मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘मास्तर, पाय बघा की त्याचे! कसे लटलट करायलेत!’

‘गणित येतं हो त्याला. बैठक येत नाही. खुर्ची बापजाद्यांनी बघितलीय कुठं?’

‘अन् पडला म्हंजी?’

‘पडू द्या. सवय होईल. हं, हलू नको. प्रोफेसर बघतायत.’

दोघंही हसले. मांजरानं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला.

मी सरळ उभा राहिलो.

‘बस. अजून झालं नाही.’

‘खुर्ची हाय की, मास्तरसाहेब. मांजर उठवा.’

‘काय म्हणालास?’

‘मांजर उठवा. म्या तिथं बसतो. मग इचारा काय इचारायचं ते.’

पाहुण्यांचं हसू तोंडातच राहिलं. मास्तरसाहेबांनी टोपी काढली. आता ते प्रोफेसर नव्हते. ‘ओट्याला डोकं टेक आणि माफी माग. नाहीतर हैदराबादेत माझा शब्द विसर.’

मांजर उठलं नाही. मी निघालो.

बा रेल्वेच्या धक्क्यावर पोती उचलायचा. त्याला सगळं सांगितलं. तो मटकन खाली बसला. ‘आरं लेकरा, मांजरापायी शिक्षान घालवलंस? जा, पाय धर त्यांचे. आपलं काय जातंय वाकायला?’

‘बा, तू लय वाकलास. काय मिळालं?’

त्याची नजर माझ्यावरून हटली. ते मला अजून सलतं. तरी शब्द मी मागं घेतला नाही.

पुढचे दिवस मी घरी, मोठ्यानं, भिंतीला उत्तरं दिली. उर्दूत. उभ्यानं. चुकलो तर चुकलो, सांगणारं कुणी नव्हतं. परत जावं, डोकं टेकावं, असंही एकदा मनात आलं. गेलो नाही.

‘न्हाई घेतलं तर?’ मी हैदराबादच्या गाडीत चढताना बानं विचारलं.

‘तर पुन्यांदा जाईन. त्यांना माझं गणित बघावंच लागंल. आन् मला बसायला सांगतील त्यांनी आधी खुर्ची द्यायची.’

हैदराबादेत काय झालं हे लोक मोठ्या हौसेनं विचारतात. ते मी सांगत नाही. मला तिथं घेतलं असतं तरी आणि हाकललं असतं तरी एक गोष्ट ठरली होती: त्या दारात मी कुणाच्या शब्दावर उभा नव्हतो. ओट्याखाली उभं राहून मिळणारं शिक्षण मला नको. तेव्हा नको होतं. आजही कुणी देऊ नये.