बरफाच्या तोंडचं पाणी

गंगा जिथून निघते त्या हिमनदीपर्यंत चालत जायचं होतं ते खरं तर माझ्या आईला. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तिनं मला धाडलं. सोनपेठच्या घरी मावंदं घालायचं, म्हणजे आणलेली गंगा पुजायची आणि भावकीला पुरणाचं जेवण द्यायचं, हे तिच्या फार दिवसांपासून मनात होतं. निघताना तिनं तांब्याचा गडू हातात दिला आणि बजावलं, "दुकानातला बंद गडू आणू नको. लोकं नळाचं भरतेत. बरफातनं पाणी निघतंय तिथंच भर."

आमच्या घरात कोणावर सहजासहजी विश्वास बसत नाही. बोगस बियाण्यानं एक अख्खा हंगाम गिळला, तेव्हापासून तर आम्ही दुधातसुद्धा बोट बुडवून बघतो.

तोच स्वभाव घेऊन मी डोंगर चढलो. वाटाड्या लय गोड बोलायचा, त्यामुळं पहिल्यापासूनच मला खटकत होता. दम लागून जीव मेटाकुटीला आला तेव्हा तो एका राखाडी ढिगाऱ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "यही है."

मी बघतच राहिलो. दगड, धोंडे, चिखल. खडी क्रशरवर असतो तसला पसारा. पांढरं काहीच नाही! बर्फ आत आहे, वर नुसती दगडमाती साचलीय, असं तो सांगत होता. समोरच्या काळ्या भगदाडातून गढूळ पाणी उसळत होतं. तो जवळ जाऊ देईना. कडा कोसळतो म्हणाला. पुढची चढण टाळायला गड्यानं आपल्याला अर्ध्यावरच गुंडाळलं, हा संशय काही केल्या जाईना. शेवटी भगदाडाच्या अलीकडेच गडू भरला.

मावंद्याच्या दिवशी गडू उघडला, तर तळाला राखाडी गाळ. चुलती हसून म्हणाली, "हे तर आपल्या गोदावरीचंच दिसायलंय की!"

आई उसळली. "आधी माझ्या लेकाच्या टाचा बघा! कातडं सोललंय पार."

चुलती पुढं झाली आणि माझ्या पाया पडली. मला आईचा फार अभिमान वाटला.

पंगती उठल्या. पत्रावळी गोळा करता करता आई हळूच म्हणाली, "तू चालत गेलतास, त्यात मला शंका न्हाई. पर त्या माणसानं तुला नेलतं कुठं?"

"तिथंच, माय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.